रंगीत माशांचा हिशेब : एडवर्ड निपलिंग

गुरांच्या जखमेत किडे पडणे आपल्याकडील शेतकऱ्याला नवे नाही. अमेरिकेतील ‘स्क्रूवर्म’ माशीच्या अळ्या मात्र जिवंत मांसावरच पोसल्या जातात. गोचिडीच्या चाव्याएवढी जखमही त्यांना पुरते. नवजात वासराची ओली नाळ तर हमखास सापडते. या माशीचा नायनाट करण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग टेक्सासमधील पोर्ट लाव्हाका येथे २० मार्च १९०९ रोजी शेतकरी कुटुंबात जन्मले.

अमेरिकी कृषी खात्यात काम करताना त्यांनी एक गोष्ट हेरली. या माशीची मादी सहसा एकदाच मीलन करते. तिला निर्बीज नर भेटला, तर तिची अंडी फुकटच जाणार. १९३०च्या दशकाअखेरीस मांडलेली ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली. पुढे १९५०च्या सुमारास सहकारी रेमंड बुशलँड यांनी कोषांवर क्ष-किरण सोडून नर निर्बीज करून दाखविले.

निपलिंग यांचा हिशेब साधा होता. दहा लाख रानमाद्यांच्या मुलखात दर पिढीला वीस लाख निर्बीज नर सोडले, तर माद्या उरतील ३,३३,३३३, मग ४७,६१९, मग १,१०७, चौथ्या पिढीत एकही नाही. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर काही महिन्यांतच माशी नाहीशी झाली आणि १९५९ पर्यंत फ्लोरिडाही मुक्त झाला.

सारा भरवसा मात्र निर्बीज आणि रानटी यांच्या प्रमाणावर, आणि दिसायला दोन्ही सारखेच. येथे रंग कामी आला. याच तत्त्वावरील फळमाशीच्या मोहिमांत कोषांवर चमकदार रंगपूड टाकतात. कोष फोडताना माशी कपाळावरची पिशवी फुगवते. ती आत जाताना रंगाचे कण डोक्याच्या खाचेत अडकतात. सापळ्यातील माशी अतिनील प्रकाशात धरली, की सोडलेली कोणती आणि रानातली कोणती, हे कळते. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना तर अळीच्या खाद्यातूनच लाल रंग देत.

निपलिंग आणि बुशलँड यांना १९९२ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १७ मार्च २००० रोजी निपलिंग निवर्तले. निर्बीज पतंग आणि बीटी कापूस यांच्या जोडीने अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीपासून मुक्ती जाहीर केली. आपल्या कापसात ती अजून ठाण मांडून आहे. स्क्रूवर्मही अलीकडे मेक्सिकोत परतली असून तिच्याशी लढण्यासाठी पुन्हा निर्बीज माशाच सोडल्या जात आहेत.