बाबासाहेब कोळसा खाणीत उतरले होते. त्यांनी हाताळलेला पोकळीचा प्रश्न आज नांदेड-लातूरलाही पडलाय

बाबासाहेब म्हटलं की संविधान आठवतं. चवदार तळं आठवतं, काळाराम मंदिर आठवतं. पण कोळशाची खाण? ती सहसा कुणाला आठवत नाही.

तरीही चार वर्षं देशातल्या खाणींचा कारभार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या खात्याकडे होता. खाणीतून संपत्ती निघते, ती कुणाची? आणि खाणीत मागे पोकळी उरते, ती भरायची कुणी? हे दोन्ही प्रश्न तेव्हा त्यांच्या टेबलावर होते. ८० वर्षांनंतर ते नांदेडच्या गोदाकाठावर आणि लातूरच्या खडी केंद्रांवरही येऊन ठेपलेत.

चाळीतला मुलगा ते मजूरमंत्री

१४ एप्रिल १८९१ ला महू इथं बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. पुढं कुटुंब मुंबईत आलं आणि गिरणगावात, परळच्या चाळीत राहिलं. कामगारांचं जगणं त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी शेजारी पाहिलं होतं.

नंतर कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरी झाली. मूळ अभ्यास अर्थशास्त्राचा. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा असेल तर उद्योग वाढले पाहिजेत, अशी त्यातली मांडणी होती. म्हणजे ते उद्योगाच्या विरोधात कधीच नव्हते. उद्योगाची किंमत कोण मोजतं, हा त्यांचा प्रश्न होता.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खात्याचं नाव मजूर असलं तरी पसारा मोठा होता. खाणी, वीज, पाटबंधारे असे विषय त्यातच होते.

खाणीत नेमकं काय चालायचं?

दुसरं महायुद्ध सुरू होतं. रेल्वेला कोळसा हवा होता, कारखान्यांना हवा होता. देशातला बराचसा कोळसा यायचा झरिया आणि राणीगंजच्या पट्ट्यातून, म्हणजे आजच्या झारखंड आणि पश्चिम बंगालमधून.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले. नुसत्या अहवालावर त्यांचं समाधान झालं नाही. ते स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरं पाहिली.

त्या काळची खाणकामाची पद्धत साधी होती. जमिनीखाली बोगदे खणायचे आणि छत कोसळू नये म्हणून मध्ये मध्ये कोळशाचेच खांब ठेवायचे. नंतर लोभापायी किंवा गरजेपायी ते खांबही काढले जायचे. मग वरची जमीन खचायची. जमिनीला पडलेल्या भेगांतून हवा आत जायची आणि उरलेला कोळसा पेट घ्यायचा. झरियात अशी पहिली आग १९१६ मध्ये नोंदवली गेली. तिथली जमीन आजही धुमसतेय.

वर राहणाऱ्यांची घरं खचत होती, खाली काम करणाऱ्यांचे जीव जात होते. कोळसा मात्र वेळेवर रवाना व्हायचा.

टनामागे पैसे काढा

धनबादच्या दौऱ्याला दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कल्पना सरळ होती. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर लावायचा आणि तो पैसा मजुरांची घरं, पिण्याचं पाणी, आरोग्य आणि शिक्षण यावरच खर्च करायचा. १९४७ मध्ये या निधीचा स्वतंत्र कायदा झाला. धनबाद आणि आसनसोलची मध्यवर्ती रुग्णालयं पुढं याच निधीतून उभी राहिली.

अभ्रकाच्या खाणींसाठीही १९४६ मध्ये असाच कायदा झाला. खाणीच्या तोंडाशी न्हाणीघर आणि मजूर बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर असावं, यासाठी १९४५-४६ मध्ये खाण कायद्यात दुरुस्त्या झाल्या. न्हाणीघर ही छोटी गोष्ट वाटेल. पण त्याआधी मजूर अंगावरची काजळी तशीच घेऊन घरी जायचा आणि ती घरभर व्हायची.

सगळ्यात अवघड निर्णय

या चार वर्षांतला एक निर्णय मात्र कौतुकाचा नव्हता.

बायकांनी जमिनीखाली काम करायला १९३७ पर्यंत पूर्ण बंदी आली होती. युद्धात मजूर खाणी सोडून जास्त मजुरीच्या लष्करी बांधकामांवर जाऊ लागले आणि कोळसा कमी पडला. १९४३ मध्ये सरकारनं ही बंदी उठवली. आदिवासी आणि दलित समाजातल्या बायका पुन्हा खाणीत उतरल्या.

देशात आणि परदेशातही यावर टीका झाली. १९४४ च्या सुरुवातीला मध्यवर्ती विधिमंडळात या निर्णयाचं समर्थन करायची वेळ मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांवरच आली. त्यांनी तो युद्धकाळापुरता, नाइलाजाचा निर्णय म्हणून मांडला. बायकांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी आणि कमी उंचीच्या बोगद्यात त्यांना काम नाही, अशा अटी होत्या. १९४५ मध्ये जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांसाठी प्रसूतीच्या रजेचे नियम वाढवले गेले. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडले, त्याच घरांतल्या बायकांना खाणीत पाठवणाऱ्या सरकारात ते मंत्री होते. चरित्र सांगताना हे पान वगळता येत नाही.

पोकळी भरायची वाळूनं

खाणीच्या पर्यावरणाचा आज जो मुद्दा आहे, तो इथं सुरू होतो.

१९३९ मध्ये, म्हणजे बाबासाहेब मंत्री होण्याआधीच, खाणीतली पोकळी भरण्यासाठी एक कायदा झाला होता. वाळू पाण्यात मिसळायची आणि पाइपातून खाली सोडायची. पाणी उपसून काढलं की वाळू घट्ट बसते, छताला आधार मिळतो. हवा आत जाणं थांबलं की आगीचा धोकाही घटतो. या कामासाठी कोळशावर उपकर आणि खर्चासाठी एक मंडळ, अशी व्यवस्था होती. १९४४ मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक विधिमंडळात मांडायचं काम बाबासाहेबांकडे आलं.

यात एक मोठी मेख होती. ही वाळू यायची दामोदरसारख्या नद्यांतून. एक खड्डा भरायचा तर दुसरीकडे नदी खरवडायची.

याच दामोदरला १९४३ मध्ये मोठा पूर आला. त्यानंतर पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार करणारी दामोदर खोरे योजना आखली गेली. १९४५ मध्ये केंद्र आणि प्रांतांच्या ज्या परिषदांत ती पुढं सरकली, त्यांचं अध्यक्षपद बाबासाहेबांकडे होतं. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. धरणांमुळे विस्थापन झालं, त्याचे प्रश्न वेगळे उभे राहिले. पण नदीचा तुकड्यातुकड्यानं विचार करायचा नाही, ही दिशा तेव्हा ठरली.

संविधानातली खाण

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या कलम २४ नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात किंवा खाणीत कामाला लावता येत नाही. खाण हा शब्द कलमात थेट आहे.

खाणींतल्या मजुरांचं नियमन आणि सुरक्षितता हा विषय केंद्राच्या सूचीत गेला. म्हणून आजही खाणीत अपघात झाला की चौकशीला केंद्राचे अधिकारी येतात आणि वाळूचा लिलाव मात्र राज्याचा महसूल विभाग करतो.

नांदेड-लातूरचा काय संबंध?

बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं थेट लागू होत नव्हते. हैदराबाद मुक्त झालं, संविधान आलं आणि १९५२ चा खाण कायदा झाला, तेव्हा हा भागही त्याच छत्राखाली आला. बाबासाहेबांनी १९५१ मध्येच मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता.

या दोन जिल्ह्यांत कोळसा खाणी नाहीत. इथं निघतो काळा दगड, मुरूम आणि वाळू. कायद्याच्या भाषेत गौण खनिज. नाव गौण असलं तरी खड्डा गौण नसतो.

१९५२ च्या कायद्यानं दगड-वाळूच्या लहान खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट दिली. अटी अशा होत्या: खोली ६ मीटरपेक्षा जास्त नको, मजूर ५० पेक्षा जास्त नकोत आणि स्फोटकं वापरायची नाहीत. सुरुंग लावला की सूट संपली. पण खडी केंद्राच्या धुळीत काम करणाऱ्या मजुराला हा नियम कोण सांगणार? दगड फोडण्याच्या कामात वडार समाजाच्या पिढ्या गेल्या. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं निकामी होतात.

वाळूचंही तसंच. नदीपात्रातली वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींपर्यंत पोचवते. ती बेसुमार उपसली की पात्र खोल जातं आणि विहिरींचं पाणी आटतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ती टंचाई वाळूमुळे आली असं म्हणता येणार नाही, पण जिथं थेंबाची किंमत अशी मोजावी लागते, तिथं नदीतली वाळू म्हणजे पाण्याची ठेवच.

सुधारणा कुठवर आल्या?

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागेल. २०१५ मध्ये खनिज कायद्यात बदल होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. खनिजामागे ठरावीक रक्कम घ्यायची आणि ती बाधित गावांवर खर्च करायची, हे त्यांचं काम. १९४४ च्या निधीशी याचं नातं उघड आहे. फरक एवढाच, की तेव्हा विचार फक्त मजुराचा होता, आता गावाचाही आहे.

पोकळी भरायला वाळूऐवजी औष्णिक वीज केंद्रांची राख वापरायचा मार्गही आहे. लातूर-नांदेडच्या शेजारी परळीला राखेचे डोंगर लोक रोज पाहतात. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्याचा खड्डा भरू शकतो. अट एकच, की राखेतले घातक घटक भूजलात उतरत नाहीत ना, हे आधी तपासायला हवं.

भरणी टाळली तर काय होतं, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसनं पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथं एक राहतं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी कोळसा खाण होती.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. त्यांच्या मजूरमंत्रिपदाची चार वर्षं जयंतीच्या पोस्टमध्ये फारशी दिसत नाहीत. पण गावाजवळ खडी केंद्र असेल किंवा नदीत वाळूचा ठेका असेल, तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा आपल्या गावात कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. टनामागे घेतलेल्या पैशाचा हिशोब लोकांना मिळाला नाही, तर तो निधी कागदावरच राहतो.