१९२१ ते १९८९ : फ्रिट्झ पोलार्ड यांची कहाणी

अमेरिकन फुटबॉलशी माझा परिचय बेताचाच. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला पाडायचे, एवढेच मला ठाऊक होते. परंतु या खेळाच्या इतिहासात १९२१ आणि १९८९ ही दोन साले वाचली आणि मी थबकलो. त्या सालांमागे एका माणसाचे आयुष्य उभे होते.

फ्रेडरिक डग्लस पोलार्ड यांचा जन्म २७ जानेवारी १८९४ रोजी शिकागोत झाला. वडील न्हावी, आई शिवणकाम करणारी. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या नेत्याचे नाव आईबापांनी मुलाला दिले. जर्मन शेजाऱ्यांनी त्याचे 'फ्रिट्झ' केले. अंगकाठी लहान, पण पायांत विलक्षण चपळाई. ब्राऊन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत असताना १ जानेवारी १९१६ रोजी ते 'रोज बोल' सामन्यात उतरले. तेथे खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी ब्राऊनने येल आणि हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य संघांना लागोपाठ नमविले, तेही त्यांच्याच बळावर.

गोरे खेळाडू त्यांना पाडल्यावरही अंगावर कोसळत. म्हणून पडताच ते पाठीवर वळत आणि पाय हवेत झाडीत. हा डावपेच त्यांना कोणा प्रशिक्षकाने नव्हे, अपमानाने शिकविला असावा, असे मला वाटते.

पुढे ते अ‍ॅक्रन प्रोज या व्यावसायिक संघात आले. तेथे इतरांबरोबर कपडे बदलण्याची सोय त्यांना नव्हती. संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात ते गणवेश चढवीत. तरीही १९२० साली एकही सामना न हरता अ‍ॅक्रनने अजिंक्यपद मिळविले. १९२१ मध्ये एल्गी टोबिन यांच्या जोडीने पोलार्ड मुख्य प्रशिक्षक झाले. गोऱ्या खेळाडूंना एक कृष्णवर्णीय माणूस डाव सांगू लागला! हीच संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाऊ लागली.

१९२६ नंतर मात्र लीगमध्ये त्यांना जागा उरली नाही. १९३४ ते १९४५ या काळात तर तेथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पोलार्ड रडत बसले नाहीत. त्यांनी शिकागोत आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये केवळ कृष्णवर्णीयांचे संघ उभारले. आम्ही खेळू शकतो, हे जगाला दिसत राहावे, हाच त्यामागचा हेतू. त्यांच्या मुलाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले.

११ मे १९८६ रोजी पोलार्ड वारले. लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, नेमला गेला तो १९८९ मध्ये. म्हणजे अडुसष्ट वर्षांनी. व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात पोलार्ड यांना स्थान मिळाले ते २००५ साली.

मित्रहो, एकदा उघडलेले दार उघडेच राहील, असे मी समजत होतो. पोलार्ड यांचे चरित्र वाचून तो समज गेला. दार उघडणाऱ्याइतकीच ते धरून ठेवणाऱ्यांची गरज असते, आणि ते काम तुमचे-माझे आहे.