तगरचा शोध आणि भांडारकरांची कसोटी

प्राच्यविद्येच्या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव जगभर नेणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांत न्या. रानड्यांसमवेत त्यांचाही समावेश होता. पुढे डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक व १८९३ ते १८९५ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू असा त्यांचा प्रवास झाला.

पुरावा तपासल्याखेरीज कोणतेही मत स्वीकारायचे नाही, मग ते कितीही मोठ्या विद्वानाचे असो, हा त्यांचा बाणा होता. चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक अभ्यासपद्धतीवर त्यांनी १८८८ मध्ये स्वतंत्र व्याख्यानच दिले. या पद्धतीचा प्रत्यय तगर नगराच्या वादात येतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही बाजारपेठ असल्याचा उल्लेख आहे. विल्फर्ड यांनी ती देवगिरी मानली, तर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस आणि देवगिरी उत्तरेस. मूळ ग्रंथातील दिशेशी दोन्ही विसंगत. भांडारकरांनी ही मते अमान्य केली आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात धारूरची शक्यता मांडली.

परंतु तीही टिकली नाही. दिशा, अंतर आणि नाव यांचा मेळ घालून १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, असे दाखवून दिले. ‘तगर’मधील ‘ग’ प्राकृतात लोपून ‘तेर’ हे रूप सिद्ध होते. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेथील त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्य असल्याचे निदर्शनास आणले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील प्राचीन वस्तू या नगराच्या दूरदेशीच्या व्यापाराची साक्ष देतात.

भांडारकरांचे उत्तर चुकले, पण त्यांनी लावलेली कसोटी अचूक होती. ज्या निकषांवर त्यांनी इतरांची मते नाकारली, त्याच निकषांवर त्यांचे स्वतःचे मतही मागे पडले. संशोधनाचे मूल्यमापन करताना आजही निष्कर्षाइतकेच पुराव्याकडे पाहावे लागते, ते याचसाठी. पुण्यात १९१७ मध्ये त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. धाराशिव जिल्ह्यातील तेर मात्र त्या जुन्या वादाचा निकाल अंगावर वागवत उभे आहे.