सहारा ओलांडणारी थेरेसा

मैत्रिणींनो, आपल्या गावात आता सकाळी शाळा सुटायच्या वेळेला बघा, फाटकापाशी स्कूटीवाल्या आयांचीच गर्दी जास्त. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखादी बाई गाडीवरून गेली की लोक वळून बघायचे. मग विचार करा, 1934 साली एक मुलगी मोटरसायकल घेऊन लंडनहून थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला निघाली तेव्हा लोक काय म्हणाले असतील! मोटरसायकलच्या जगात आजही आदरानं घेतलं जाणारं हे नाव म्हणजे थेरेसा वॉलॅक.

थेरेसाचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, इंग्लंडमधला. शाळकरी वयातच तिला मोटरसायकलचं वेड लागलं. घरच्यांना अर्थातच हे पसंत नव्हतं. पण ती नुसती गाडी चालवायला शिकून थांबली नाही. गाडी बिघडली तर कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, म्हणून इंजिन उघडून जोडायला शिकली. शिष्यवृत्ती मिळवून लंडनमध्ये इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं. त्या काळात अशा वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असायच्या.

तिची मैत्रीण फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन हीसुद्धा अशीच. दोघींनी केपटाऊनपर्यंत मोटरसायकलनं जायचं ठरवलं. गाडी पँथर कंपनीची, 600 सीसीची. तिला एक साइडकार आणि मागे सामानाची छोटी गाडी जोडलेली. 11 डिसेंबर 1934 ला त्या लंडनहून निघाल्या.

आपल्याला वाटतं, वाळवंट हीच मोठी अडचण. पण परक्या देशात गाडी न्यायची म्हणजे वाळवंटाच्या आधी कागद आडवे येतात. तेव्हा आफ्रिकेत कुठे फ्रेंचांचं राज्य, कुठे ब्रिटिशांचं, कुठे बेल्जियमचं. प्रत्येक हद्दीवर साहेब वेगळा, नियम वेगळा. सहारात जायला फ्रेंच अधिकाऱ्यांची परवानगी लागायची, आणि दोन एकट्या बायकांना ती सुखासुखी कोण देणार? दोघींनी पाठपुरावा केला आणि ती मिळवलीच.

परदेशात स्वतःच्या मालकीची गाडी वापरायचे मार्ग तेव्हाही दोन होते, आजही दोनच आहेत. एक, आपली गाडी बरोबर न्यायची. त्यासाठी कार्नेट नावाचं पुस्तक मिळतं. त्याला गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. ही गाडी तुमच्या देशात विकणार नाही, परत बाहेर नेईन, अशी त्यात हमी असते. दुसरा मार्ग म्हणजे तिथेच गाडी विकत घ्यायची. पैसे मोजले की गाडी मिळते, पण नोंदणीला तिथला पत्ता मागतात. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कागद तिथल्याच पत्त्यावर टपालानं येतो. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचे नियम निराळे. शिवाय विमा हवाच.

आफ्रिकेत दोघींचे हाल काही कमी झाले नाहीत. वाळूत चाकं रुतायची, मग खणा, ढकला, पुन्हा खणा. अगाडेझच्या आसपास इंजिननंच दगा दिला. तिथे थेरेसाचं शिक्षण कामाला आलं. पुढे जंगल आलं, धो धो पाऊस आला. अखेर 29 जुलै 1935 ला दोघी केपटाऊनला पोचल्या. जवळजवळ आठ महिने लागले!

पुढे 1939 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर थेरेसानं ताशी 100 मैलांच्या वर वेग गाठून सुवर्णतारा मिळवला. हा मान मिळवणाऱ्या बायका फक्त तीन. फ्लॉरेन्सही त्यातलीच. दुसऱ्या महायुद्धात थेरेसा सैन्यासाठी मोटरसायकलवरून निरोप पोचवायची. युद्ध संपल्यावर अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशी अडीच वर्षं फिरली, 32 हजार मैल. पैसे संपले की मिळेल ते काम करायचं आणि पुढे निघायचं.

1952 मध्ये ती अमेरिकेतच राहायला गेली. परक्या देशात आलेली ही बाई पुढे शिकागोत स्वतःच्या दुकानात मोटरसायकली विकायला लागली. गिऱ्हाइकांना गाडी नीट चालवता येत नाही हे लक्षात आल्यावर शिकवायलाही लागली. 1970 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 1973 नंतर ॲरिझोनातल्या फिनिक्सला गाडी शिकवायची शाळाच काढली. नजर अधू झाली तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या बऱ्याच पुढे गेल्यावर, तिनं गाडी सोडली. 30 एप्रिल 1999 ला, नव्वदाव्या वाढदिवशीच ती गेली.

तिची गोष्ट वाचून आपण सहारात जाणार नाही, हे खरं. पण घरात एक काम नक्की करू शकतो. रोज आपण चालवतो त्या स्कूटीचं आरसी बुक काढून बघा. नाव कुणाचं आहे? बचत गटाच्या बैठकीत मी हे विचारते तेव्हा बहुतेक जणी म्हणतात, ह्यांचंच असणार. यात भांडायचं काही नाही, पण हिशोब समजून घ्या. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी अपघात विमा असतो. 2018 पासून ती रक्कम 15 लाख आहे. पण तो मिळतो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्यालाच. गाडी ह्यांच्या नावावर आणि पडलो आपण, तर त्या पैशांवर आपला हक्क नाही. लायसन्सच नसेल तर बोलायलाच नको.

थेरेसानं आधी यंत्र शिकून घेतलं, मग परवानगी मिळवली, मगच ती निघाली. आपणही पुढची गाडी घेताना शोरूममध्ये रंगाबरोबर नावाचाही विषय काढूया. आणि शिकाऊ लायसन्सची मुदत संपून गेली असेल, तर याच आठवड्यात आरटीओत एक चक्कर मारूया.