शाहू महाराज आणि थकलेली माणसे

कोल्हापुरात शाहू महाराजांचे चरित्र सांगणे म्हणजे महाद्वारात उभे राहून अंबाबाईच्या देवळाची वाट दाखवण्यासारखे आहे. वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागेचे मैदान, सक्तीचे शिक्षण हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. तरीही त्या चरित्रातील एक भाग थोडा मागे पडला आहे, आणि आपल्या मंडळातील भगिनींनी तो अवश्य जाणून घ्यावा असे वाटल्यावरून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द लिहीत आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे यांच्या घराण्यात झाला. पाळण्यातले नाव यशवंतराव. तीन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांच्या मातोश्री राधाबाई वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी चौथ्या शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले, आणि पुढे दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव आबासाहेब यांचेही छत्र गेले. जन्मदात्या आईबापांचे म्हातारपण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला, तेव्हा वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

गादीवर बसून दोन वर्षे होतात न होतात तोच १८९६ साली पावसाने दगा दिला. सुरुवातीला बरा पडलेला पाऊस मध्येच ओढ देऊन बसला, पिके करपली आणि धान्य महागले. महाराज स्वतः घोड्यावरून डोंगराळ मुलखात फिरले. व्यापाऱ्यांना बोलावून स्वस्त धान्याची दुकाने उघडवली, गुरांसाठी जंगले मोकळी केली, आणि रस्ते, विहिरी, तलाव यांची कामे काढून लोकांच्या हाताला काम दिले.

इथवरचे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु दुष्काळी कामाची रीत अशी, की जो कुदळ मारील, पाटी उचलील, त्यालाच मजुरी. मग ज्याच्याने ते होत नाही त्याने काय करावे? गावातील धडधाकट माणसे कामावर निघून गेली की मागे राहतात त्या वाकलेल्या म्हाताऱ्या, दृष्टी गेलेले आजोबा, अंथरुणाला खिळलेली माणसे. मडक्यातले पीठ तळाशी गेले की घरात पहिल्याने कोणाची भाकरी अर्धी होते, हे आपणा बायकांना कोणी सांगायला नको. बहुतेक वेळा ती म्हातारी स्वतःच आज भूक नाही म्हणते आणि भाकरी नातवापुढे सारते.

महाराजांच्या दरबाराने या मागे राहिलेल्यांचा वेगळा विचार केला. जे वृद्ध, अपंग व निराधार लोक काम करू शकत नव्हते त्यांच्यासाठी संस्थानात ठिकठिकाणी आश्रयगृहे उघडण्यात आली व तेथे त्यांच्या अन्नाची सोय झाली. त्याचप्रमाणे कामावर येणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्यासाठी शिशुगृहे काढली. एका बाजूला म्हातारी माणसे, दुसऱ्या बाजूला पाळण्यातली मुले! घरातील बाई ज्या दोन काळज्यांनी उंबऱ्यात अडकून पडते, त्या दोन्ही एका तरुण राजाच्या ध्यानात आल्या, याचे मला फार नवल वाटते.

दुष्काळ सरतो न सरतो तोच प्लेग आला. गावे रिकामी करून लोकांना माळावर झोपड्यांत राहावे लागले. ज्यांना झोपडी उभारण्याची ऐपत नव्हती त्यांना साहित्य देण्यात आले, आणि कोल्हापुरात होमिओपॅथीचा दवाखानाही सुरू झाला. आयुष्य काढलेले घर सोडून माळावर जाताना थकलेल्या माणसांच्या जिवाचे काय झाले असेल, ते चरित्रग्रंथांत फारसे सापडत नाही.

पुढची कामगिरी सर्वश्रुत आहे. १९०१ साली मराठा बोर्डिंग, १९०२ साली मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा, १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि विधवाविवाहाचा कायदा. १९१८ साली धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. कोवळ्या वयात विधवा झालेल्या सूनबाई इंदुमतीदेवी यांना महाराजांनी कोपऱ्यात बसू न देता सोनतळीला ठेवून शिकवले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. आईबापांचे राहोच, स्वतःचेही म्हातारपण त्यांनी पाहिले नाही.

ती आश्रयगृहे दुष्काळापुरती होती, कायमची नव्हती, हे खरे. टिकली ती वसतिगृहे आणि शाळा. त्यांतून शिकलेल्यांची मुले-नातवंडे पुण्या-मुंबईला, परदेशी नोकरीला गेली. चांगलेच झाले. मात्र आपल्या पेठांतून संध्याकाळी फेरी मारली तर दुमजली घरात दिवा एकच लागलेला दिसतो, आणि त्या दिव्याखाली एकटी आजी.

आज सरकारची मदत नाही असे नाही. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, आणि आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ सालचा कायदाही आहे. पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, यंत्रावर अंगठा उठावा लागतो. जन्मभर भांडी घासून आणि शेणी थापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा उठत नाही. गुडघे गेलेल्या बाईला कचेरीचा जिना चढवत नाही. जी माणसे तिथवर येऊ शकत नाहीत त्यांचे काय, हा दुष्काळातला प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही तसाच आहे.

मंडळाने यंदा आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी केली आहे. कोणाला सी. पी. आर. मध्ये सोबत हवी, कोणाचा दाखला राहिला, कोणाला दळण आणून द्यायचे, हे तिच्यात लिहिले आहे. वही मंडळाच्या कपाटात पहिल्या कप्प्यात आहे. दुपारची वेळ देऊ शकणाऱ्या भगिनींनी त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपले नाव घालावे.