पोकरमधल्या ब्लफचं गणित मांडणारे जॉन फॉन नॉयमन

संगणक आणि अणुबॉम्ब यांच्या इतिहासात ज्यांचं नाव हमखास येतं, त्या जॉन फॉन नॉयमन यांना पोकरचंही भारी आकर्षण होतं. जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट.

बुद्धिबळात सगळा पट समोर असतो. पोकरमध्ये समोरच्याची पानं झाकलेली असतात. मग ब्लफ कधी करायचा? १९२८ साली त्यांनी अशा खेळांचा गणिती सिद्धांत मांडला. पुढे अमेरिकेत ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर एक स्वतंत्र विभागच होता.

निष्कर्ष चकित करणारा होता. ब्लफ मधल्या पानांवर नव्हे, अगदी टाकाऊ पानांवर करावा. तुम्ही कधीच ब्लफ केला नाही, तर चांगल्या पानांवरही कोणी पैसे लावणार नाही.

घरगुती डावात बोलीला कमाल मर्यादा असेल, तर हेच गणित बदलतं. पॉटमध्ये १०० डॉलर आहेत आणि बोली फक्त १० ची आहे, तर समोरचा १० लावून ११० जिंकू शकतो. तो सहजासहजी पानं टाकत नाही. अशा वेळी शेवटच्या फेरीत १२ बोलींत एखादाच ब्लफ परवडतो. बोली १०० ची असेल, तर तिनात एक.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या या सिद्धांतावर आज अर्थशास्त्रापासून युद्धनीतीपर्यंत अनेक शाखा उभ्या आहेत.