गोटा टायर आणि एक कर्जबाजारी माणूस

वैशाखातल्या दुपारी परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की समोरचे डांबर पाण्यासारखे हलताना दिसते. पारा 43-44 अंशांवर गेलेला असतो. अशा वेळी पंक्चरच्या टपरीपुढे कुणीतरी मोटारसायकल उभी करून मागच्या चाकाकडे हताशपणे पाहत असतो. नवा टायर टाकून दोन वर्षे झाली नाहीत आणि गोटा झाला! मग कंपनीने फसवले, रस्ते खराब आहेत, रबर पूर्वीसारखे राहिले नाही, अशी कारणे निघतात. टपरीवाला तोंडाने काही न बोलता हवा मोजतो. बऱ्याचदा अर्धे उत्तर त्या काट्यावरच असते.

उन्हात रबर टिकत नाही ही तक्रार ऐकली की मला चार्ल्स गुडइयर आठवतो. मराठवाड्याला हे नाव परके नाही. पूर्वीचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या वाळूजला या नावाचा टायर कारखाना उभा राहिला. मात्र ज्याचे हे नाव, त्याने टायरची कंपनी कधीच काढली नाही. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी 1898 साली ती निघाली, तेव्हा त्याला जाऊन 38 वर्षे झाली होती. कंपनीने केवळ त्याची आठवण म्हणून नाव घेतले. त्याच्या वारसांना त्यातला छदामही मिळाला नाही.

माझी उभी हयात बँकेत कर्जे देण्यात आणि ती वसूल करण्यात गेली. त्यामुळे या माणसाकडे मी नकळत काउंटरच्या अलीकडून पाहतो. खरे सांगायचे तर तो माझ्याकडे अर्ज घेऊन आला असता, तर मी तो नामंजूर केला असता.

गुडइयरचा जन्म 29 डिसेंबर 1800 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा आणि शेतीच्या अवजारांचा धंदा होता. चार्ल्सनेही फिलाडेल्फियात तसेच दुकान थाटले. उधारी वाढली, येणे बुडाले आणि 1830 च्या सुमारास दुकान बसले. त्या काळी कर्ज फिटले नाही तर सरळ तुरुंगात टाकत. पुढच्या आयुष्यात तुरुंगाचे दार त्याच्या चांगल्याच परिचयाचे झाले.

1834 साली तो न्यूयॉर्कमधल्या एका रबर कंपनीच्या दुकानात गेला. रबराचे बूट आणि कोट यांचे तेव्हा मोठे वेड होते. पण हिवाळ्यात हा माल लाकडासारखा कडक होऊन तडकायचा आणि उन्हाळ्यात वितळून चिकट लगदा व्हायचा. विकलेला माल परत येत होता, त्याला दुर्गंधी सुटली होती आणि कंपनी बुडायला आली होती. रसायनशास्त्राचे शिक्षण नाही, गाठीला पैसा नाही, अशा या माणसाने तिथेच ठरवले, की उन्हाला आणि थंडीला न जुमानणारे रबर आपण करायचे.

पहिले प्रयोग झाले ते कर्जदारांच्या तुरुंगात. बायकोचे, क्लॅरिसाचे, लाटणे मागवून घेऊन तो कच्चे रबर मळू लागला. सुटल्यावर स्वयंपाकघर हीच त्याची प्रयोगशाळा झाली. मॅग्नेशिया झाला, चुना झाला, नायट्रिक आम्ल झाले. दर वेळी यश आल्यासारखे वाटे आणि उन्हाळा आला की सारे वितळून जाई. सरकारने टपालाच्या थैल्यांचे काम दिले, तर त्या थैल्याही उन्हाने गळल्या. नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा एक कारागीर रबरात गंधक मिसळत असे. त्याची युक्ती गुडइयरने विकत घेतली, पण तीही अपुरी पडली.

मग 1839 साली वूबर्न गावी गंधक मिसळलेले रबर चुकून तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळायला हवे होते. ते चामड्यासारखे झाले, वाकवले तर वाके, सोडले तर पूर्वपदावर येई. ज्या उष्णतेला तो पाच वर्षे शत्रू मानत होता, तिनेच काम केले होते. पण आच किती, किती वेळ, गंधक किती, हे बसवायला आणखी पाच वर्षे गेली. त्या दिवसांत घरातले सामान गेले. मुलांची शाळेची पुस्तकेही विकली गेली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याची निम्मी मुले लहानपणीच दगावली.

शेगडीवर घडले काय, ते आपल्याकडच्या बाजेवरून समजते. कच्च्या रबराचे लांबलचक धागे म्हणजे सुतळीचा नुसता ढीग. त्यावर बसले की तो पसरतो. तीच सुतळी आडवी-उभी विणून बाज केली, तर माणूस बसला की खाली जाते आणि उठला की वर येते. गंधक उष्णतेत या धाग्यांना ठिकठिकाणी गाठी मारते. या क्रियेला रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून वल्कनीकरण म्हणतात. पुढे 1888 साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळू लागले, तेव्हा झीज कितीतरी कमी झाली आणि टायर काळा झाला.

म्हणजे गुडइयरने रबर वाचवले, पण उष्णतेचे वैर संपले नाही. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि आतून तापतो. त्यात वैशाखाचे डांबर, मागे माणूस, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि टाकीवर खताचे पोते. मग झीज व्हायला वेळ लागत नाही. टायर दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी राहिली असे समजावे, मधोमध झिजला असेल तर जास्त. एकाच बाजूला झिजला असेल तर चाकाची सरळ रेषा आणि बेअरिंग तपासून घ्यावे. मागचा टायर लवकर जातो, कारण इंजिनाचा जोर आणि मागे बसणाऱ्याचे ओझे तोच सोसतो. झटक्यात सुटणे आणि चाक घासत थांबणे ही तरण्या पोरांची हौस, तिची किंमतही तोच मोजतो. आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा पाहावी. एकट्याची आणि डबलसीटची हवा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

हे सारे मला फार उशिरा कळले. 1989 साली मी जिंतूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर मार्चमध्येच गोटा झाला होता. एप्रिलात घरात लग्न निघाले, जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आला, आणि मी टायर पुढे ढकलत राहिलो. जुलैत वसुलीला निघालो, तेव्हा शाखेतला शिपाई मागे बसला होता. बैलगाड्यांनी शेतातली काळी माती डांबरावर आणली होती आणि वर भुरभुर पाऊस होता. वळणावर ब्रेक लावला आणि मागचे चाक हातातून गेले. मला खरचटले. त्याचा पाय मोडला. तीन महिने तो प्लास्टरमध्ये होता, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत थोडा लंगडतच माझ्या टेबलावर चहा आणून ठेवत असे. त्याने एका शब्दाने कधी मला दोष दिला नाही. शेतकऱ्यांना थकलेल्या हप्त्यांवरून उपदेश करणारा मी, माझा हा हप्ता अजून फिटलेला नाही.

म्हणून टायर निवडताना नुसता किती वर्षे टिकेल एवढेच विचारू नये. कडक रबराचा टायर जास्त चालतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. मऊ रबराचे उलट. रोज डांबरावर लांब पल्ला असेल, तर रस्त्याच्या नक्षीचा, मध्यम कडक टायर बरा. शेतवाटेसाठीचा मोठ्या बटनांचा टायर डांबरावर लवकर झिजतो. माप गाडीला दिलेलेच घ्यावे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही कडक होत जाते. खाचांच्या तळाशी उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा. गोट्या टायरला नव्या खाचा पाडून घेणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

गुडइयरला 1844 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र टॉमस हॅनकॉक त्याच्या आधी पोचला होता. कोर्टकज्जे झाले, कमाई वकिलांकडे गेली. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने उसनवारीवर भव्य दालन उभारले आणि कर्जापायी तिथल्याही तुरुंगात गेला. फ्रान्सच्या बादशहाचा सन्मान त्याला त्याच कोठडीत मिळाला. क्लॅरिसा दोन वर्षांपूर्वीच गेली होती. 1 जुलै 1860 रोजी आजारी मुलीला भेटायला जाताना न्यूयॉर्कमध्ये त्याचा अंत झाला. ती मुलगी आधीच गेली होती. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज राहिले.

त्याच्या हट्टामुळे सारे जग चाकांवर धावते आहे, हे मला मान्य आहे. तरी क्लॅरिसाचे लाटणे आणि मुलांची पुस्तके माझ्या हिशेबातून जात नाहीत. घरातला कर्ता माणूस हट्टाने किंवा आळसाने एखादी गोष्ट रेटतो, तेव्हा भोगावे लागते ते बहुधा मागे बसलेल्याला. आज रविवार आहे. गाडी अजून अंगणात थंड उभी असेल. चहा झाला की मागच्या चाकावरून एकदा हात फिरवून पाहा.